दोन रुपयांचं टेबल

कमी पैशांत पोकर खेळणाऱ्याने कोणती साइट निवडावी, हा प्रश्न ऑगस्ट २०२५ पर्यंत आपल्याकडे उघडपणे विचारला जात होता. २० ऑगस्टला लोकसभेने आणि २१ ला राज्यसभेने पैशाच्या खेळांवर बंदी आणणारं ऑनलाइन गेमिंगचं विधेयक मंजूर केलं, २२ ला राष्ट्रपतींची संमती मिळाली, आणि पोकरबाझी, अड्डा५२, रमीसर्कल, ड्रीम११ अशा कंपन्यांनी त्याच सुमारास पैशाचे खेळ थांबवले. प्रश्न त्यामुळे मिटला नाही. तो हळू आवाजात विचारला जाऊ लागला, आणि उत्तरं देणारी माणसंही बदलली. म्हणून त्यावर मोकळेपणाने बोलणं मला फार गरजेचं वाटतं.

त्या दिवाळीत, पाडव्याच्या दुपारी, केळझरात असं मोकळं बोलणं ऐकायला मिळालं. केळझर हे नागपूर-वर्धा रस्त्यावरचं, सेलू तालुक्यातलं गाव. टेकडीवरचा सिद्धिविनायक विदर्भाच्या अष्टविनायकांपैकी एक. महाभारतातली एकचक्रा नगरी ती हीच आणि भीमाने बकासुराला मारलं ते इथेच, अशी गावाची श्रद्धा. बोलणारे दोघे माझ्या शेजारच्या घरातले. काका माध्यमिक शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. पुतण्या नागपूरला मिहानमधल्या एका कंपनीत नोकरीला, सणाला घरी आलेला. दोघांच्या परवानगीने, नावं टाळून लिहितो आहे. पाडव्याला द्यूतप्रतिपदाही म्हणतात, तेव्हा घरात पत्त्यांचा डाव मांडलेलाच होता. विषय तिथूनच निघाला.

पुतण्या: काकाजी, जुगार म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे मटका येतो. आकडा लावा आणि वाट बघा. मी खेळत होतो ते एक-दोनचं टेबल. पानं वाटण्याआधी दोघांनी सक्तीने लावायचे पैसे असतात, स्मॉल ब्लाइंड एक रुपया, बिग ब्लाइंड दोन रुपये. दोनशे रुपये घेऊन बसायचं.

काका: आणि दोनशे गेले तर?

पुतण्या: उठायचं. सहा हजार बाजूला काढून ठेवले होते. तीस वेळा पूर्ण हरलो तरी पगाराला हात लागणार नाही, एवढे. ते संपले असते तर खेळ बंद.

काका: हे बरोबर केलं. सांग मग, साइट कशी निवडली?

पुतण्या: सगळे बोनस पाहून निवडतात. मी पैसे बाहेर कसे निघतात ते पाहिलं. पाचशे टाकायचे, थोडा वेळ खेळायचं आणि लगेच तीनशे परत मागायचे. केवायसी किती सरळ होते, पैसे किती तासांत बँकेत येतात, कोणाच्या नावाच्या खात्यातून येतात, हे त्या तीनशे रुपयांत कळतं. पैसे घ्यायला एक सेकंद आणि द्यायला आठवडा लागला, की ती साइट आपली नाही.

काका: आणि बोनस?

पुतण्या: बोनस म्हणजे ‘शंभर टक्के’ असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं, पण तो हातात येत नाही. तुम्ही जितका रेक, म्हणजे साइटचा कट, भरता त्या प्रमाणात थोडा थोडा सुटतो, त्यालाही मुदत असते. दोन रुपयांच्या टेबलावर बसणाऱ्याचा तो मुदतीत पूर्ण सुटणं अवघड. मग माणूस बोनस सोडवायला म्हणून पाच-दहाच्या टेबलावर जातो आणि तिथे जास्त पक्के खेळाडू त्याची वाटच पाहत असतात.

हे शेवटचं वाक्य मला महत्त्वाचं वाटलं. छोट्या खेळाडूला मोठ्या टेबलाकडे ढकलणारी प्रत्येक सोय त्याच्या विरोधातच असते, मग तिचं नाव काहीही असो.

काका: तुझे पैसे त्यांच्याकडे राहतात कुठे?

पुतण्या: खरा प्रश्न हाच आहे. याचं सगळ्यांत मोठं उदाहरण अमेरिकेतलं. १५ एप्रिल २०११ ला तिथल्या न्याय खात्याने एकाच दिवशी पोकरस्टार्स, फुल टिल्ट आणि अॅब्सोल्यूट पोकर यांच्यावर कारवाई केली. पोकरस्टार्सने खेळाडूंची रक्कम कंपनीच्या पैशांपासून वेगळी ठेवली होती, त्यामुळे तिने अमेरिकेतल्या खेळाडूंचे पैसे काही आठवड्यांत परत केले. फुल टिल्टचे जवळपास ३९ कोटी डॉलर जगभरच्या खेळाडूंना देणं होतं आणि बँकेत निघाले सुमारे ६ कोटी.

काका: बाकीचे?

पुतण्या: मालकांनी वाटून घेतले, खर्च केले. पडद्यावर मात्र प्रत्येकाला आपली पूर्ण शिल्लक दिसून राहिली होती. अमेरिकेतल्या लोकांना परतावा सुरू झाला तो २०१४ मध्ये, तोही सरकारने तडजोडीत पैसा वसूल केला म्हणून. म्हणजे पडद्यावरचा आकडा हा पैसा नव्हे. तो कोणाच्या तरी ताळेबंदातलं देणं आहे.

काका: आणि पानं कोण वाटतं? शकुनीला आणत नाही मध्ये, पण विचारतो.

पुतण्या: यंत्र वाटतं. त्या यंत्राची तपासणी बाहेरच्या प्रयोगशाळेकडून झाली आहे का, ते बघायचं. पण खरी फसवणूक पानं पिसण्यात झाली नाही काकाजी, ती बघण्यात झाली. २००७ मध्ये अॅब्सोल्यूट पोकरवर एक खेळाडू स्पर्धेत हरला. समोरचा अशा पानांवर पैसे लावून राहिला होता, की त्याला सगळ्यांची पानं दिसत असल्याशिवाय ते शक्यच नव्हतं. हरणाऱ्याने त्या स्पर्धेच्या डावांची नोंद मागितली. साइटने चुकून भलतीच फाइल पाठवली, तिच्यात सगळ्या खेळाडूंची झाकलेली पानं होती आणि टेबल बाहेरून कोण बघत होतं तेही होतं. खेळाडूंनी ती ओळ-ओळ वाचून काढली. आतल्याच माणसाकडे सगळ्यांची पानं दाखवणारं खातं होतं. अल्टिमेटबेट या जोडीच्या साइटवरही तेच निघालं.

काका: म्हणजे पोलिसांनी नाही पकडलं, हरणाऱ्यांनी पकडलं.

पुतण्या: हो. म्हणून प्रत्येक डावाची नोंद स्वतःला उतरवून घेता येते का, हे मी बघतो. जी साइट जुने डाव देत नाही, तिच्यावर संशय घेता येतो पण सिद्ध करता येत नाही.

इथपर्यंत बोलणं पुतण्याच्या बाजूने चाललं होतं. तो नुसता हौशी नव्हता, त्याने अभ्यास केला होता. काकांनी मग भिंतीवरच्या कॅलेंडरचं सप्टेंबरचं पान फाडलं, मागच्या कोऱ्या बाजूवर सहा गोल काढले आणि प्रत्येकात २०० लिहिलं.

काका: सहा जण बसले. टेबलावर बाराशे रुपये. साइट प्रत्येक पॉटमधून, म्हणजे डावात जमलेल्या पैशांतून, किती घेते?

पुतण्या: साधारण पाच टक्के. मधली तीन पानं उघडायच्या आधीच डाव मिटला तर बहुतेक ठिकाणी काही घेत नाहीत. आणि वरची मर्यादा असते, त्यापेक्षा जास्त एका पॉटमधून कापत नाहीत.

काका: ती मर्यादा दोन रुपयांच्या टेबलावर कधी लागते?

पुतण्या: क्वचितच. पॉट तेवढा मोठा होत नाही.

काका: म्हणजे मर्यादेचा फायदा मोठ्या टेबलाला. बरं, लहान-मोठे सगळे डाव धरून सरासरी पॉट वीस रुपये धरू. डावामागे एक रुपया कटला. तासाला साठ डाव. तासाला साठ रुपये टेबलावरून कायमचे गेले. बाराशे भागिले साठ?

पुतण्या: वीस.

काका: वीस तास हेच सहा जण खेळत राहिले, कोणी नवीन पैसा आणला नाही, तर वीस तासांनी टेबलावर काय उरलं?

पुतण्या: काहीच नाही.

काका: सहाही जण हरले. सगळ्यांत हुशार होता तोही. आता तुझ्या भाषेत सांग. शंभर डावांत शंभर रुपये कटतात, सहा जणांत वाटले तर माणशी सुमारे साडेसोळा. बिग ब्लाइंड दोन रुपयांचा, म्हणजे सुमारे आठ बिग ब्लाइंड. या पातळीवर चांगला खेळणारा शंभर डावांत किती जिंकतो म्हणतोस?

पुतण्या: कट जाऊन पाच बिग ब्लाइंड हाती राहिले तर चांगलं मानतात.

काका: म्हणजे हाती पाच राहायला त्याने तेरा कमवायचे. आठ साइटचे, पाच त्याचे. दहा रुपयांसाठी शंभर डाव, म्हणजे दीड तासापेक्षा जास्त. आणि हा चांगला खेळणारा. मधल्याचं काय? तो उरलेल्या पाच जणांच्या बरोबरीने खेळला तरी आठने हरतो. एकचक्रेत बकासुराकडे रोज एका घरून गाडा जायचा. आज आपला नंबर नाही म्हणून उरलेली घरं निश्चिंत. रेक तसा आहे. ज्याने पॉट जिंकला त्याच्या ढिगातून जातो, म्हणून बाकीच्या पाच जणांना वाटतं आपलं काही गेलं नाही.

पुतण्या थोडा वेळ कागदाकडे बघत राहिला. त्याचं उत्तर मात्र तयार होतं.

पुतण्या: उपमा पूर्ण बसत नाही काकाजी. एकचक्रेतल्या लोकांना दुसरं गाव निवडता येत नव्हतं. मला येत होतं. काही साइट रेकचा काही हिस्सा परत देतात, त्याला रेकबॅक म्हणतात. काहींचा लहान टेबलांचा दर कमी असतो. मी निवडतो ते यासाठीच. आणि स्पर्धा असतात, त्यांत फी आधीच लिहिलेली असते, पन्नास अधिक पाच अशी. कट डोळ्यांपुढे दिसतो. फ्रीरोलमध्ये तर प्रवेशच फुकट. २००३ चा जगज्जेता ख्रिस मनीमेकर पेशाने हिशेबनीस होता, एका छोट्या ऑनलाइन स्पर्धेतून मुख्य स्पर्धेत पोहोचला आणि २५ लाख डॉलर जिंकला.

काका: तो एक झाला. त्याच्या मागे त्या छोट्या स्पर्धांत हरले त्यांची नावं कोणी लिहिली? पण स्पर्धेची फी आधी दिसते, हा मुद्दा मान्य. दिसणारा कट न दिसणाऱ्यापेक्षा बरा. सरकारचा कट किती होता?

पुतण्या: १ ऑक्टोबर २०२३ पासून टाकलेल्या पैशावर २८ टक्के जीएसटी. शंभर भरले की त्यातले जवळपास बावीस कर. कंपन्या तेवढे बोनस म्हणून भरून द्यायच्या. आणि १ एप्रिल २०२३ पासून निव्वळ जिंकलेल्या रकमेवर, काढताना ३० टक्के टीडीएस.

काका: साइट आठ घेणार, जिंकलेल्यातले तीस टक्के सरकार घेणार, आणि तू म्हणतो कौशल्याचा खेळ!

पुतण्या: कौशल्याचा आहेच. आपला जुगारबंदीचा कायदा १८८७ चा, त्यातही निव्वळ कौशल्याच्या खेळाला सूट आहे. १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवला. पोकरवर उच्च न्यायालयांची मतं वेगवेगळी आहेत, गुजरातने २०१७ मध्ये त्याला नशिबाचा खेळ म्हटलं. पण अमेरिकेत कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या लिब्राटस या प्रोग्रॅमने २०१७ मध्ये चार अव्वल खेळाडूंना एक लाख वीस हजार डावांत हरवलं. नशिबाच्या खेळात यंत्र माणसापेक्षा चांगलं कसं खेळेल?

काका: छान. १९६८ चा तोच निकाल पुढेही वाच. सिकंदराबादच्या एका क्लबचा खटला होता तो. रमी कौशल्याची, पण क्लबचा किंवा घराचा मालक खेळातून नफा कमवून राहिला असेल तर गुन्हा होऊ शकतो, असं न्यायालयाने तिथेच म्हटलं आहे. तुमचं भांडण कौशल्य की नशीब यावर चालतं. न्यायालयाची नजर त्या घरधन्याच्या वाट्यावरही होती. आणि तुझं ते यंत्र, ते चार अव्वल खेळाडूंना हरवतं, मग दोन रुपयांच्या टेबलावर तुझ्यासमोर माणूसच बसला आहे कशावरून?

याला पुतण्याकडे पुरतं उत्तर नव्हतं. २०१९ मध्ये प्लुरिबस हा प्रोग्रॅम सहा जणांच्या टेबलावरही अव्वल खेळाडूंना भारी पडला. चांगल्या साइट असे बॉट शोधून खाती बंद करतात आणि हरलेल्यांना भरपाई देतात, पण त्यासाठी माणसं पगारावर ठेवावी लागतात, आणि ती ठेवायला परवान्याची भीती लागते. ही भीती आता उरलेली नाही, इथूनच संवादाने वळण घेतलं.

पुतण्या: तुम्हाला हा बंदीचा कायदा पटला ना?

काका: पटला. जाहिराती गेल्या, एवढ्यासाठी तरी पटला. सामना चालू असताना षटक संपलं की टीम लावा, करोड जिंका. २०२३ मध्ये आपल्याकडचे बच्चू कडू मुंबईत तेंडुलकरांच्या घरापुढे आंदोलनाला बसले ते अशाच जाहिरातीवरून. यंदा जुलैत राज्याच्या कृषिमंत्र्यांच्या मोबाइलवर सभागृहात रमी दिसली म्हणून गदारोळ झाला. आपण खेळत नव्हतो असं त्यांनी सांगितलं, तरी खातं बदललं. आता क्रिकेट संघाच्या जर्सीवरून ड्रीम११ चं नाव गेलं. शाळेतला पोरगा ते रोज बघत होता.

पुतण्या: जाहिरातींवर बंदी घालायची होती, नियम करायचे होते. सरकारी अंदाजच सांगतो, ४५ कोटी लोक वर्षाला सुमारे २० हजार कोटी हरतात. भागाकार करा. माणशी ४४४ रुपये. वर्षाला एका सिनेमाचा खर्च.

काका: सरासरी! दहा जण घे. नऊ जण चाळीस-चाळीस रुपये हरले, एक चार हजार ऐंशी हरला. सरासरी किती?

पुतण्या: (हिशोब करून) चारशे चव्वेचाळीस.

काका: कायदा त्या दहाव्यासाठी आहे. तू नवांपैकी एक, म्हणून तुला तो अन्याय वाटतो.

पुतण्या: मग दहाव्याला थांबवा. महिन्याला किती भरता येईल त्याची मर्यादा घाला. उरलेल्या नऊ जणांना अंधारात काहून ढकलता? आपल्या जिल्ह्याचंच बघा. सेवाग्राम आपलं, म्हणून सत्तरच्या दशकापासून वर्ध्यात दारूबंदी. मिळत नाही का? मिळते. फक्त त्यात काय आहे ते कोणी तपासत नाही.

काका: मिळते. पण शाळेच्या वाटेवर दुकान नाही, चौकात पाटी नाही. ज्याला पाहिजे त्याला शोधावं लागतं, कोणाला तरी विचारावं लागतं. ज्याला नको त्याच्यासमोर ती येत नाही. ते काही थोडं नाही.

दोघांचंही मला पटलं, आणि ते एकमेकांना खोडतही नाहीत. बंदीमुळे नवीन माणूस आत येणं कमी होतं, हे काकांचं म्हणणं खरं. आधीच आत असलेला माणूस आणखी वाईट हातांत जातो, हेही तितकंच खरं. हा कायदा खेळणाऱ्याला शिक्षा करत नाही. पैशाचा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं आणि पन्नास लाखांपर्यंत, पैशांचा व्यवहार करून देणाऱ्यालाही चालवणाऱ्याएवढीच शिक्षा. खेळणारा मोकळा आहे. पण त्याच्यासाठी तपासलेली अशी एकही जागा ठेवलेली नाही.

काका: तुझं काय चालू आहे आता? खरं सांग.

पुतण्या: खेळलो नाही. पण बोलावणी येतात. क्लब म्हणून अॅप असतात. अॅपमध्ये फक्त चिप्स, पैशाचा उल्लेख कुठेच नाही. क्लबचा एजंट व्हॉट्सअॅपवर. त्याला यूपीआयने पैसे पाठवायचे, तो चिप्स टाकतो. आठवड्याचा हिशोब एका ठरलेल्या वारी. रेकबॅक पूर्वीपेक्षा जास्त देतो म्हणतात. दुसऱ्या बाहेरच्या साइट आहेत, त्या क्रिप्टोत घेतात.

काका: तुझीच कसोटी लाव. पैसे कोणाच्या ताळेबंदात?

पुतण्या: एजंटच्या खिशात.

काका: डावांची नोंद?

पुतण्या: अॅप देतं कधी कधी. पण एकाच क्लबात चार मित्र मिळून बसले आणि फोनवर एकमेकांना पानं सांगून राहिले, तर विचारायचं कोणाला? एजंटलाच. आणि ते चार त्याचेच मित्र असू शकतात.

काका: पैसे परत कोणत्या नावाने येतात?

पुतण्या: हे मी सांगणारच होतो. माझ्या एका रूममेटने खेळून पाहिलं. अठराशे जिंकला, मागितले. एजंटने एका अनोळखी माणसाच्या खात्यातून पाठवले. काही दिवसांनी याचं पगाराचं खातं गोठलं. ज्या खात्यातून अठराशे आले, त्यात दुसऱ्या कोणाच्या तरी फसवणुकीचा पैसा आला होता, दुसऱ्या राज्यात तक्रार होती. याचा गुन्हा काही नाही. पण घरभाडं अडकलं, हप्ता चुकला, आणि बँकेत सांगायचं काय, की हे अठराशे कशाचे?

हे ऐकून काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मला सगळ्यांत जास्त हेच सांगायचं आहे, म्हणून इथे थांबतो. आपण तर दोन रुपयांचं टेबल खेळतो, आपलं काय जाणार, असं छोट्या खेळाडूला वाटतं. टेबलावर त्याचं जास्तीत जास्त दोनशे जातं, हे खरं. पण पैसा आत-बाहेर करायची वाट जेव्हा भाड्याच्या खात्यांतून जाते, तेव्हा पणाला त्याचं बँक खातं लागतं, आणि ते दोन रुपयांचं नसतं. मोठ्या खेळाडूकडे वकील असतो, दुसरं खातं असतं. छोट्याकडे एकच खातं, त्यातच पगार, त्यातच आईच्या औषधांचे पैसे. कोणाचं असं झालंच, तर एजंटशी गुपचूप तडजोड करू नये. व्यवहाराचे स्क्रीनशॉट आणि बँकेचा उतारा जपावा, खातं कोणत्या तक्रारीवरून गोठवलं ते बँकेकडून लेखी घ्यावं आणि सायबर पोलिसांकडे जावं. स्वतःचेच पैसे कोणी बुडवले असतील, तर १९३० या हेल्पलाइनवर लगेच कळवावं. लाजेने गप्प बसणारा माणूस एजंटला सगळ्यांत सोयीचा.

आणि साइट निवडण्याचं म्हणाल, तर पुतण्याने सांगितलेल्या कसोट्या मला अजूनही बरोबर वाटतात. रक्कम वेगळी ठेवलेली, पैसे काढणं सरळ, डावांची नोंद हातात, यंत्राची तपासणी बाहेरून, लहान टेबलांचा रेक कमी. त्या प्रामाणिकपणे लावल्या, तर पैशाचा ऑनलाइन पोकर देणारं एकही ठिकाण आज भारतात त्यांत बसत नाही. जी कायद्याने चालत होती ती बंद झाली, आणि जी चालू आहेत ती पहिल्याच कसोटीला पडतात. म्हणून आज कोणी मला विचारलं तर माझं उत्तर एकच आहे. पैशाने खेळू नका. खेळ आवडत असेल तर फुकट चिप्सच्या टेबलांवर खेळा, आणि तिथेही चिप्स ‘विकत घेतो’ म्हणणारा माणूस भेटला की टेबल सोडा. तो एजंटच असतो.

सरकारकडूनही मला एक अपेक्षा होती. २०२३ पासून २८ टक्के घेताना छोट्या खेळाडूची रक्कम वेगळ्या खात्यात ठेवायची सक्ती करता आली असती, महिन्याची मर्यादा घालता आली असती. केंद्राने ती व्यवस्था उभी केली नाही आणि नंतर दारच बंद केलं. कर्नाटक, मध्य प्रदेश आणि दिल्लीतल्या उच्च न्यायालयांत कायद्याला आव्हान दिलं गेलं, ८ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने ती प्रकरणं स्वतःकडे घेतली. पाडव्याला हे दोघे बोलत होते तेव्हा निकाल यायचा होता.

पुतण्या: समजा न्यायालयाने उद्या परवाना पद्धत आणायला सांगितली. तुम्ही कोणती अट घालाल?

काका: भरणा महिन्याला ठरलेल्या रकमेपर्यंतच. ती मर्यादा वाढवायला तीस दिवस थांबायचं, कमी करायला एक सेकंद. खेळाडूंचे पैसे वेगळ्या खात्यात. आणि पॉटमधून कट घ्यायचाच नाही.

पुतण्या: मग कंपनी चालेल कशावर?

काका: महिन्याची वर्गणी. सिकंदराबादच्या त्या क्लबात बसायची फी होती ना, तशी. माणसाला आधी कळलं पाहिजे की या महिन्यात खेळाला शंभर रुपये पडणार. पॉट कितीही होवो.

पुतण्या: एक-दोनच्या टेबलावर शंभर रुपये म्हणजे पन्नास बिग ब्लाइंड. महिन्यात शंभर डाव खेळणाऱ्याला ते रेकपेक्षा महाग पडेल.

काका: आणि हजार डाव खेळणाऱ्याला?

पुतण्या: त्याचा रेक ऐंशी बिग ब्लाइंड. वर्गणी पन्नास. त्याला स्वस्त. म्हणजे तुमची वर्गणी जास्त खेळणाऱ्याला बक्षीस देते, काकाजी. तुम्हाला तर खेळ कमी व्हायला पाहिजे.

काकांनी कागद पुन्हा पुढे ओढला. डावांच्या संख्येलाच मर्यादा घातली तर, असं म्हणत त्यांनी नवीन रकाना आखला. पुतण्या म्हणाला, सहाशे डावांच्या वर वर्गणी दुप्पट करा, मग बघू.